निसान वन-टनचं जड स्टिअरिंग: पुढचा ॲक्सल बदलण्याआधी

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे दुसऱ्या कुणाला उपयोग झाला तर होईल. सैन्याच्या लिलावातून दोन-तीन हात फिरून आलेली जुनी निसान वन-टन (फौजी छोटा ट्रक) तुम्ही गुहागरला आणलीत. दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर चढवताना स्टिअरिंग दोघांनी मिळून ओढावं लागतं. हायवेला पन्नासच्या पुढे गेलं की गाडी आपल्या मनाने डावी-उजवीकडे जाते. एका गॅरेजने सल्ला दिलाय की पुढचा अख्खा ॲक्सल काढून दुसऱ्या ट्रकचा बसवा आणि सोबत पॉवर स्टिअरिंग टाका. हे करावं का आणि कुठून सुरुवात करावी, असं तुम्ही विचारलंय.

मी चिपळूणला तीसेक वर्षं जीप, जोंगा (निसानचीच फौजी जीप), वन-टन आणि चिरेखाणीवरचे ट्रक दुरुस्त करतोय. तुमची गाडी पाहिलेली नाही, त्यामुळे इथे जे सांगतो त्यातलं बरंचसं गाडीखाली झोपून खात्री करून घ्यावं लागेल. पण एक गोष्ट न बघताही ठामपणे सांगतो. स्टिअरिंग जड असणं आणि गाडी भटकणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. पॉवर स्टिअरिंग पहिलं दुखणं घालवतं आणि दुसरं झाकून टाकतं. झाकलेलं दुखणं कुंभार्ली घाटात उतारावर बाहेर येतं, म्हणून मी आधी जुना ॲक्सल बरा करतो, मग पॉवर स्टिअरिंगचा विचार करतो. ॲक्सल बदलायचा विषय अगदी शेवटी, आणि बहुतेक वेळा तिथवर जावंच लागत नाही.

ही गाडी मूळ निसानची, आपल्याकडे जबलपूरला बनलेली. ती फौजेसाठी बांधलेली आहे, म्हणजे पुढचा ॲक्सल नाजूक नाही. चिखलात, नदीपात्रात, भार घेऊन चालावी अशीच तिची रचना आहे. अशा गाडीचा ॲक्सल ‘संपला’ असं कुणी म्हणालं की मी पहिला प्रश्न विचारतो: किंग पिनची (ज्या पिनेभोवती पुढचं चाक डावी-उजवीकडे वळतं तिची) बेअरिंगं शेवटची कधी उघडली होती? उत्तर बहुतेक वेळा एकच येतं, ‘घेतल्यापासून नाही.’

सगळ्यात आधी एक सोपी तपासणी करा, तिला पैसा लागत नाही. तुमची गाडी फोर-व्हीलमध्ये अडकलेली तर नाही ना? या गाड्यांना पुढच्या-मागच्या ॲक्सलच्या मध्ये डिफरन्शियल (दोन्हीकडच्या फिरण्यातला फरक सांभाळणारे गिअर) नाही. डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लागलेली असेल तर वळणावर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी झगडतात आणि स्टिअरिंग दगडासारखं होतं. समुद्रकाठच्या गाड्यांत ट्रान्सफर केसचा (दोन्ही ॲक्सलना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचा) लिव्हर टू-व्हीलवर दिसतो, पण आतला फोर्क किंवा लिंकेज गंजून जागेवरच बसलेलं असतं. मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा, लिव्हर टू-व्हीलवर ठेवा, पुढचं एक चाक जॅकने उचला आणि हाताने फिरवा. चाक फिरलं आणि पुढचा प्रॉपेलर शाफ्टही (ॲक्सलकडे ताकद नेणारा लांब दांडा) सोबत मोकळा फिरला तर ठीक. अडलं तर तुमचं निम्मं जड स्टिअरिंग तिथेच आहे. दोन वर्षांपूर्वी दापोलीहून आलेल्या एका जोंगाचा मालक पॉवर स्टिअरिंगचा सगळा संच घेऊनच आला होता. लिव्हरची लिंक सोडवून, ग्रीस भरून दिली आणि तो संच तसाच परत घेऊन गेला.

टायरही बघा. हवा कमी असेल तर कुठलंही स्टिअरिंग जड होतं. पुढचे दोन टायर एका मापाचे, एका झिजेचे हवेत. आणि जाड गोट्यांचे मिलिटरी टायर डांबरावर थोडे भटकतातच, तेवढं भटकणं कुठल्याही दुरुस्तीने जात नाही. ते मान्य करून पुढे जायचं.

आता खरं काम. गाडी चाकांवर उभी असताना, इंजिन बंद ठेवून, कुणाला तरी स्टिअरिंग थोडंथोडं डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि तुम्ही खाली झोपा. प्रत्येक जोडावर हात ठेवत जा: पिटमॅन आर्म (स्टिअरिंग बॉक्समधून निघणारा हात), ड्रॅग लिंकचे (त्या हातापासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचे) दोन्ही टोकांचे बॉल, टाय रॉडचे (पुढची दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याचे) एंड, नकलवरचा (चाकासोबत वळणाऱ्या भागावरचा) आर्म. जिथे एक भाग हलतो आणि पुढचा हलायला वेळ लागतो, तिथे प्ले (ढिलेपणा) आहे. डोळ्यांपेक्षा बोटांना हे लवकर कळतं. स्टिअरिंग बॉक्स चासीवर हलतो का हेही याच वेळी बघा. बोल्ट ढिला असेल तर बॉक्स नवा टाकूनही काही होणार नाही.

मग पुढची बाजू उचलून ॲक्सल घोडीवर (लोखंडी स्टँडवर) घ्या. नुसत्या जॅकवर ठेवून खाली जाऊ नका, हे हात जोडून सांगतो. चाक वर आणि खाली धरून हलवा. खडखडलं तर मदतनीसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर तो हबच्या बेअरिंगचा. तसाच राहिला तर किंग पिनचा. ड्रम ब्रेकच्या गाडीत हा फरक असा एका मिनिटात कळतो, तरी किती ठिकाणी हबची बेअरिंगं विनाकारण बदललेली मी पाहिली आहेत.

कोकणातल्या फोर-व्हील गाड्यांचा खरा आजार मात्र नकलच्या गोळ्यात असतो. पुढच्या ॲक्सलच्या टोकाला जो मोठा लोखंडी गोळा दिसतो, त्यावरून नकलचं कवच वळतं, आणि कडेला नमद्याचं (दाबलेल्या लोकरीचं) सील त्या गोळ्याला पुसत राहतं. आत किंग पिनची वरची-खालची बेअरिंगं आणि चाक फिरवणारा सांधा असतो, आणि हे सगळं ग्रीसमध्ये बुडालेलं हवं. किनाऱ्यावर गाडी पुळणीत (वाळूत) घातली, खारं पाणी उडालं की गोळ्याचा गुळगुळीत पृष्ठभाग गंजून खडबडीत होतो. तो खडबडीत गोळा नमद्याला खातो. नमदा गेला की पाणी आत. चिपळूणला २२ जुलै २०२१ चा पूर ओसरल्यावर पुढचे दोन महिने मी जवळजवळ हेच काम करत होतो. नकल उघडली की आतून ग्रीस नाही, गढूळ दुधासारखा लगदा यायचा, आणि बेअरिंगच्या रोलरवर गंजाचे ठिपके. तेव्हा ज्यांनी ‘गाडी सुरू झाली ना, मग झालं’ म्हणत नकल उघडली नाही, त्यातले बरेच जण वर्षा-दीड वर्षात जड स्टिअरिंगची तक्रार घेऊन आले.

तुमची गाडी पुरात नसेल गेली, पण रोज खाऱ्या वाऱ्यात उभी आहे. तेव्हा दोन्ही नकल पूर्ण उघडून घ्या. गोळ्यावर बारीक गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासून निघतो. नखाला लागतील असे खड्डे असतील तर लेथवाल्याकडे न्यावं लागतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात असं काम करणारे कारागीर आहेत, आंबा घाट चढून जायचा त्रास सार्थकी लागतो. बेअरिंगं बदलताना जुन्या बेअरिंगवर कोरलेला नंबर उतरवून घ्या. ‘निसानचं बेअरिंग’ म्हणून शोधलंत तर फिरत राहाल. नंबर हातात असला तर बेअरिंगच्या कुठल्याही चांगल्या दुकानात मिळण्याची शक्यता बरीच असते. बाकीचे सुटे भाग मी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून किंवा ओळखीतून जबलपूरकडून मागवतो.

ॲक्सलच्या आतलं ऑइल सीलही याच वेळी टाका. ते गेलेलं असेल तर डिफरन्शियलचं पातळ ऑइल नकलमध्ये येऊन ग्रीस धुऊन टाकतं, आणि पुढे तेच ब्रेकच्या लायनिंगवर जातं. चाकाच्या आतल्या बाजूला काळे ओघळ दिसत असतील तर हेच समजा.

किंग पिन बसवताना शिमचा (पातळ पत्र्याच्या चकत्यांचा) हिशेब हा सगळ्या कामाचा गाभा. शिम जास्त राहिल्या तर बेअरिंग सैल, आणि चाळीस-पन्नासच्या वेगाला खड्ड्यावरून गेलं की पुढची चाकं थडथड नाचायला लागतात. शिम कमी केल्या तर बेअरिंग आवळलेलं, मग वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ येत नाही आणि गाडी भटकते. हो, भटकण्याचं कारण जसा सैलपणा असतो तसा अति घट्टपणाही असतो, आणि हे फार जणांच्या लक्षात येत नाही. मी नमदा न लावता नकल बसवतो, टाय रॉड सोडतो, आणि आर्मच्या टोकाला स्प्रिंगकाटा अडकवून ओढतो. अगदी मासळी तोलायचा हुकाचा काटा चालतो, फक्त तो खरा वजन दाखवणारा हवा. नकल सावकाश, एकसारखी वळत राहील तेव्हाचं वजन वाचायचं. किती हवं ते गाडीच्या मिलिटरी मॅन्युअलमध्ये असतं. मॅन्युअल मिळवा, अंदाजावर काम करू नका. डावी आणि उजवी बाजू सारखी आली पाहिजे. मग नमदा लावायचा आणि नकल ग्रीसने भरायची.

कमानीच्या पाट्यांकडे (स्प्रिंगच्या पट्ट्यांकडे) वळू. शॅकलच्या (कमानीचं टोक चासीला जोडणाऱ्या कडीच्या) पिना आणि बुश झिजले असतील तर अख्खा ॲक्सलच चासीखाली थोडा तिरका सरकतो, आणि मग स्टिअरिंगमध्ये कितीही नवे एंड टाका, गाडी सरळ जाणार नाही. दुसरं म्हणजे कॅस्टर. किंग पिन वरून थोडी मागे झुकलेली असते, त्यामुळेच स्टिअरिंग सोडलं की चाकं सरळ येतात. आपल्याकडे चिरे वाहायचे म्हणून मागच्या कमानीत जादा पाटे घालतात. गाडी मागून उचलली जाते, तोंड खाली जातं, कॅस्टर कमी होतो आणि गाडी भटकायला लागते. तुमच्या फोटोत मागची बाजू मला उंच वाटली. जादा पाटे असतील आणि तुम्ही भार वाहणार नसाल तर ते काढा. पाचर घालून पुढचा ॲक्सल फिरवूनही कॅस्टर वाढवता येतो, पण या गाडीत ॲक्सलला प्रॉपेलर शाफ्ट जोडलेला आहे. ॲक्सल तसा फिरला की पिनियनचं (शाफ्टला जोडलेल्या गिअरचं) तोंड खाली जातं आणि शाफ्टच्या क्रॉसचा कोन बिघडतो. म्हणून पाचर पातळ, आणि बसवल्यावर फोर-व्हील लावून शाफ्ट थरथरतो का ते बघायचं.

स्टिअरिंग बॉक्सबद्दल थोडंच सांगतो. त्यात ग्रीस नाही, गिअर ऑइल लागतं. वरचा स्क्रू आवळून प्ले काढायचा तर चाकं सरळ ठेवून आणि थोडाथोडाच. बॉक्स मधोमध सर्वांत जास्त झिजतो. मध्यावरचा सगळा प्ले काढायला गेलात तर वळणावर तो अडकेल, आणि स्टिअरिंग अडकणं हे प्लेपेक्षा कितीतरी वाईट.

शेवटी टो-इन (पुढची चाकं समोरून किंचित आत वळलेली ठेवायचं माप) लावून घ्या आणि गाडी चालवा. इथपर्यंतच्या कामाने भटकणं गेलं पाहिजे. जडपणाही निम्म्याने उतरतो असा माझा अनुभव आहे. जेटीच्या उतारावर उभ्या गाडीचं चाक वळवू नका, गाडी हलती ठेवून वळवा, मग बराचसा प्रश्न तिथेही सुटतो. एवढं करून पंधरा दिवस चालवा आणि मग ठरवा. तुमच्या घरातल्या दुसऱ्या कुणाला गाडी चालवायची आहे का, खांद्याचा त्रास आहे का, घाटात नेहमी जाणार आहात का, यावर पुढचं ठरतं. पॉवर स्टिअरिंग हवंसं वाटण्यात काही चूक नाही. फक्त ते निरोगी ॲक्सलवर बसवा.

बसवायचं ठरलं तर हलक्या ट्रकचा पॉवर बॉक्स, त्याच्याच जोडीचा पंप आणि टाकी असा एकाच गाडीचा संच घ्या. पंपाचा दाब आणि बॉक्स एकमेकांना साजेसे असले पाहिजेत. टेबलावर बॉक्स ठेवून आधी बघा: स्टिअरिंग उजवीकडे फिरवल्यावर पिटमॅन आर्म तुमच्या जुन्या बॉक्ससारखाच पुढे किंवा मागे जातो का? उलट जात असेल तर तो बॉक्स तुमच्या कामाचा नाही. ड्रॅग लिंकची लांबी आणि तिरकेपणा जुन्यासारखाच राहिला पाहिजे. खड्ड्यात कमान दबली की ॲक्सल कमानीच्या पक्क्या डोळ्याभोवती (चासीला थेट बसवलेल्या टोकाभोवती) फिरतो, आणि ड्रॅग लिंक पिटमॅनच्या टोकाभोवती. या दोघांचा मेळ नसेल तर प्रत्येक खड्ड्यात चाकं आपोआप वळतात. बॉक्स चार-सहा इंच वर किंवा पुढे सरकवल्याने हा मेळ तुटतो. म्हणून आधी लाकडाची पट्टी ड्रॅग लिंकच्या जागी धरून, गाडी जॅकने वर-खाली करून मी तपासतो, नंतरच चासीला भोक पाडतो.

चासीबद्दल माझ्या हातून झालेली चूक सांगतो, कारण ती पुन्हा कुणाच्या गाडीत होऊ नये असं मनापासून वाटतं. सुरुवातीच्या काळात एका चिरेखाणीवरच्या ट्रकला मी पॉवर बॉक्स बसवला, थेट चासीच्या पत्र्यावर बोल्ट मारून. पॉवर आल्यावर बॉक्स चासीला किती जोराने ढकलतो याचा मला अंदाज नव्हता. तीन महिन्यांनी ड्रायव्हर म्हणाला, स्टिअरिंगमध्ये प्ले वाटतो. खाली बघितलं तर बोल्टच्या भोकापासून चासीला हातभर तडा गेलेला, आणि बॉक्स प्रत्येक वळणाला हलत होता. तो ट्रक त्या दिवशी घाटात गेला नव्हता म्हणून माणूस वाचला. तेव्हापासून चासीच्या आतून जाड प्लेट, प्रत्येक बोल्टला आरपार नळी, आणि चासीच्या वरच्या-खालच्या कडेला वेल्डिंग अजिबात नाही. त्याआधी बॉक्सच्या जागी चासी हातोडीने ठोकून बघायची. किनाऱ्यावरच्या गाडीत दोन पत्र्यांच्या मध्ये गंजाचे पापुद्रे सुटलेले असतात आणि वरून रंग चांगला दिसतो. ठोकल्यावर आवाज बद्द आला तर आधी ते काम.

पिटमॅन आर्म तापवून वाकवायचा नाही. ड्रॅग लिंक किंवा टाय रॉड कापून वेल्डिंगने जोडायचा नाही. स्टिअरिंगच्या दांड्याला जोड हवा असेल तर आतून दाते (स्प्लाइन) कापलेला तयार सांधा घ्या. जो गॅरेजवाला ‘वेल्डिंग करून देतो, काही होत नाही’ म्हणेल, त्याच्याकडून गाडी परत आणा. आणि नकलवरचे थांबे असे लावा की चाक पूर्ण वळल्यावर थांबा आधी टेकेल, बॉक्स आतून नंतर. नाहीतर पंप सतत पूर्ण दाबाने चालतो, तेल तापतं आणि होज फुटतो.

आता अख्खा ॲक्सल बदलण्याविषयी. हाउसिंग वाकलेलं असेल, किंवा क्राउन-पिनियन (ॲक्सलमधली मुख्य गिअरची जोडी) गेलेला असून मिळतच नसेल, तरच मी तिकडे जातो. दुसरा ॲक्सल आणायचा तर क्राउन-पिनियनचा रेशो मागच्या ॲक्सलशी तंतोतंत जुळला पाहिजे, थोडाही फरक असला तरी फोर-व्हील लावली की दोन्ही ॲक्सल एकमेकांशी भांडतील. डिफरन्शियलचा गोळा ज्या बाजूला आहे त्याच बाजूला ट्रान्सफर केसचा शाफ्ट निघाला पाहिजे. कमानीच्या बैठकींमधलं अंतर, चाकांच्या बोल्टचं वर्तुळ, ट्रॅकची रुंदी, हे सगळं मोजावं लागतं. आलेल्या ॲक्सलला डिस्क ब्रेक असतील तर जुना मास्टर सिलिंडर पुरणार नाही. स्टॅलियनचा (अशोक लेलँडच्या फौजी ट्रकचा) ॲक्सल मिळतोय असं तुम्ही लिहिलंय, तो एअर ब्रेकचा आहे आणि तुमच्या गाडीपेक्षा फार मोठ्या ट्रकचा. तो विषय सोडून द्या.

कागदांचंही बघून घ्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या नोंदी मूळ कंपनीच्या तपशिलापेक्षा वेगळ्या होतील असा बदल करता येत नाही. काम सुरू करण्याआधी रत्नागिरीच्या आरटीओत लेखी विचारा, विमा कंपनीलाही कळवा. काम झाल्यावर विचारलंत तर तुमच्याकडे उत्तर स्वीकारण्यापलीकडे काही उरत नाही.

एक छोटं काम मात्र काहीही ठरलं तरी करा. ॲक्सलच्या वरच्या ब्रीदरला (हवा आत-बाहेर जायच्या तोंडाला) रबरी नळी लावून ती बॉनेटच्या आत उंचावर न्या. तापलेला ॲक्सल पावसाळ्यात मोरीच्या पाण्यात गेला की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर बुजलेला असेल तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. पुळणीत किंवा खाडीकाठी फिरून आलात की त्याच दिवशी गोडं पाणी मारून गोळे पुसा, पातळ ग्रीसचा हात फिरवा.

काम पावसाळ्यात काढा, तेव्हा गाडी तशीही उभीच असते. नकल, कमानीचे बुश आणि एंड यांना सुटे भाग हाताशी असतील तर मला आठवडा लागतो. सुरू करण्याआधी गोळ्यांचे, मागच्या कमानीचे आणि बॉक्सच्या जागच्या चासीचे जवळून काढलेले फोटो इथे टाका, आणि पुढची कमान पक्की कुठे आहे, पुढच्या टोकाला की मागच्या, तेही कळवा. आणि काम झाल्यावर पहिल्या लांब फेरीनंतर ॲक्सल कमानीला धरणारे यू-बोल्ट पुन्हा आवळायला विसरू नका, नव्या बुशवर ते नेहमी थोडे बसतात.